घोडकाठची थंडी आणि एक जुनी गाडी

पुणेकरांच्या सहलीच्या दिशा ठरलेल्या असतात. पश्चिमेला सिंहगड आणि लोणावळा, दक्षिणेला बनेश्वर आणि नारायणपूर. पूर्वेला जायचेच झाले, तर रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घ्यायचे आणि जेवणाच्या वेळेला घरी परतायचे. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेल्यास काही पाहण्यासारखे असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. वास्तविक रांजणगावापासून तासाभराच्या वाटेवर, घोड नदीच्या काठी, असे एक खेडे आहे की ज्याचे नाव घेतल्यावाचून महाराष्ट्राच्या इतिहासाचे पहिले प्रकरण लिहिताच येत नाही. ते खेडे म्हणजे इनामगाव.

या गावी मी तीन दिवस राहिलो, तो २०२४ च्या जानेवारीत. जाताना मनात होते ते तीन हजार वर्षांपूर्वीचे टेकाड. परतताना त्याच्या जोडीला एका जुन्या मोटारीचे इंजिनही मनात ठाण मांडून बसले होते. टेकाड आणि इंजिन यांचा परस्परांशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, पण आधी गावाची वाट दाखवली पाहिजे.

पुण्यापासून इनामगाव नव्वदेक किलोमीटर पडते. अहिल्यानगरचा रस्ता, ज्याला पुणेकर अजून नगर रस्ताच म्हणतात, तो धरायचा. वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर ही गावे एके काळी एकमेकांपासून वेगळी ओळखू येत. आता गोदामे, कारखाने आणि हॉटेले यांची एक अखंड रांगच लागलेली असते. रांजणगाव मागे टाकले की शिरूर येते. जुनी माणसे या गावाला घोडनदी असेच म्हणतात. येथे मोठा रस्ता सोडून न्हावऱ्याच्या बाजूला वळले की एकदम वेगळा मुलूख सुरू होतो. माळ संपतो आणि ऊस लागतो. हिवाळ्यात या रस्त्यावर ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. उसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागे दोन-दोन ट्रेलर, मधूनच तोडणी कामगारांच्या बैलगाड्या. शहरातून आलेल्या माणसाला आपोआप सावकाश जावे लागते, आणि ते बरेच असते.

घोड नदी पुढे जाऊन भीमेला मिळते. नदीवरचे बंधारे आणि शेतांतून खेळवलेले पाटाचे पाणी यांमुळे हा भाग हिरवा आहे. आसपासचा पठारी मुलूख मात्र पर्जन्यछायेतला. त्यामुळे येथल्या थंडीचे एक वैशिष्ट्य आहे. माळावरची थंडी कोरडी असते. नदीकाठची थंडी ओली असते. ज्या रात्री उसाला पाणी दिलेले असेल, त्या पहाटे शेतावर धुके असे बसते की दहा पावलांवरचे माणूस दिसू नये. उसाच्या पात्यांवरून, पत्र्याच्या छपरावरून, अंगणातल्या तारेवरून दव टपटप गळत असते. हे दव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आता टेकाडाविषयी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी ही त्या कामाशी जोडलेली प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ शतके, येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांना तांबे ठाऊक होते, लोखंड नव्हते. दगडाची पातीही ते वापरीत. म्हणून त्या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात. ते सातू पिकवीत, गुरे पाळीत, आणि लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी मडकी घडवीत. अशी मडकी संगमनेरजवळच्या जोर्वे गावी प्रथम ओळखली गेली, म्हणून त्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती असे नाव पडले.

इनामगावात सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. त्यांत पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे संशोधकांचे मत झाले. नदीच्या पुराचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी खणलेला एक पाट आणि त्याच्या कडेचा दगडमातीचा बांधही मिळाला. म्हणजे आज पाटाचे पाणी घेऊन ऊस पिकवणारा इनामगावकर फार जुन्या परंपरेतला आहे! लहान मुले दगावली की त्यांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्याखाली तोडीत. आणि एका मोठ्या घराच्या अंगणात तर चार पाय असलेल्या, कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला एका पुरुषाचा सांगाडा निघाला. त्याचे पाय मात्र शाबूत होते. शेवटच्या तीनशे वर्षांत पाऊसमान बिघडले, शेती आटली, चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि अखेर माणसे गाव सोडून गेली.

हे सारे कळले कशावरून? वाचकांपैकी ज्यांनी उत्खनन पाहिले नसेल, त्यांना वाटते की जमिनीत वस्तू पुरलेल्या असतात आणि त्या उकरून काढायच्या असतात. तसे नाही. वस्तूपेक्षा वस्तूची जागा महत्त्वाची. खांब केव्हाच कुजून गेलेला असतो. उरलेली असते ती वेगळ्या रंगाच्या मातीची एक वाटोळी खूण. चूल विझून तीन हजार वर्षे झालेली असतात. राखेचा एक बोटभर थर सांगतो की स्वयंपाक येथे होत होता. कुदळीचा एक घाव घाईने बसला तर ती खूण गेली, आणि गेलेली खूण पुन्हा उभी करता येत नाही. म्हणून जाणता उत्खनक आधी पाहतो, टिपून ठेवतो, मोजतो, आणि मगच हात लावतो.

आज टेकाडावर गेल्यास डोळ्यांत भरेल असे फारसे काही नाही. इनामगावच्या वस्तू पाहायच्या तर पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातच जावे. टेकाडावर खापराचा एखादा तुकडा पायाशी दिसतो. तो पाहावा आणि होता तेथेच ठेवावा.

आम्ही उतरलो होतो ते एका निवृत्त शिक्षकांकडे. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून आपणही तसेच म्हणू. गावाबाहेर, नदीच्या अंगाला, उसाच्या मळ्याला लागून त्यांचे चार खोल्यांचे घर आहे. घरात गुरुजी आणि काकू दोघेच. मुलगा पुण्यात नोकरीला. अंगणात पत्र्याच्या एका तिरक्या छपराखाली त्यांची गाडी उभी होती: १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, मूळच्या पांढऱ्या रंगाची.

हिचे कुळही सांगण्यासारखे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याची अकराशे गाडी तयार होऊ लागली. तीच फियाट १९७० नंतरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे साधे इंजिन, एक कार्बुरेटर, एक डिस्ट्रिब्यूटर. संगणक नाही की काही नाही. २००० च्या सुमारास ती निघणे बंद झाले, आणि मुंबईच्या रस्त्यावरून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला. गंमत अशी की, याच पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखाना उभारणारेही हेच वालचंद. तेव्हा उसाच्या मळ्याच्या कडेला उभी असलेली पद्मिनी म्हणजे एकाच माणसाच्या दोन उद्योगांची भेट होती.

गुरुजींची गाडी आजारी होती. आजार असा: दिवसा कधीही सुरू करा, गाडी शहाण्यासारखी चाले. पहाटे मात्र सेल्फ मारला की दोन-तीन खेपांना कशीबशी पेटे आणि मग लंगडत राही. मेकॅनिक लोक याला 'मिसिंग' म्हणतात. चार ठोक्यांतला एक गळतो, सारी गाडी हिवताप चढल्यासारखी थरथरते, आणि गिअर टाकून क्लच सोडला की बंद पडते. पाच-सात मिनिटे रेस देत बसले की हळूहळू चौथा ठोका परत येतो आणि नंतर दिवसभर काही नाही.

पाच-सात मिनिटांची ती काय मातब्बरी, असे शहरातल्या माणसाला वाटेल. पण काकूंना दम्याचा विकार आहे. तो उसळतो तो नेमका अशाच पहाटे. डिसेंबरात एकदा गाडी अंगणातल्या अंगणातच तीनदा बंद पडली आणि शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसवून काकूंना डॉक्टरांकडे न्यावे लागले. धुक्यात, उघड्यावर, दम लागलेल्या बाईला! तेव्हापासून मुलाने एकच धोशा लावला होता : "आबा, भंगारात द्या ती." तालुक्याच्या गावच्या एका गॅरेजात दाखवले, तर गाडी दुपारी तेथे पोहोचेपर्यंत तापून ठाकठीक झालेली. त्यांनी लक्षणे ऐकली आणि सांगितले की, व्हॉल्व्ह जळाला असेल किंवा हेड गॅस्केट गेले असेल, इंजिन खोलावे लागेल. खर्च पस्तीस-चाळीस हजार. गुरुजींच्या पेन्शनमध्ये तो बसणारा नव्हता. गाडी विकली तर रात्री-अपरात्री काकूंना न्यायचे कशातून, हा प्रश्न. ठेवली तर ती ऐन वेळी दगा देणार, ही खात्री.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ घरांतून अजून जुन्या लहान गाड्या आहेत आणि थंडीत त्यांचे हेच रडगाणे असते.

पेट्रोलचे इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबले जाणे, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. थंडी या तिन्हींच्या वाटेत आडवी येते. सर्वसाधारणपणे पंधरा भाग वजनाच्या हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण चांगले जळते. पण जळते ती पेट्रोलची वाफ, थेंब नव्हे. गार इंजिनात पेट्रोल नळीच्या भिंतींवरच थिजल्यासारखे चिकटते. म्हणून चोक ओढून जास्तीचे पेट्रोल पाठवावे लागते. चोकची तार गंजून अर्ध्यावर अडकली असेल तर मिश्रण फिके पडते आणि ठोके चुकतात. त्यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. आपल्या देशात २०२२ पर्यंत पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळू लागले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. शिरूर-दौंडच्या शिवारातला ऊस अशा रीतीने गाडीच्या टाकीतही येऊन पोहोचला! उसाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. पण इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते, आणि जळायला हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलसाठी बेतलेल्या जुन्या कार्बुरेटरचे मिश्रण त्यामुळे आणखी फिके होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही.

ठिणगीचे तसेच. प्लगच्या दोन टोकांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, पण ती ओलांडायला कॉइलला हजारो व्होल्ट तयार करावे लागतात. गारठ्यात बॅटरीचा जोर कमी, इंजिनातले तेल घट्ट, त्यामुळे सेल्फ जास्त वीज खातो आणि कॉइलच्या वाट्याला उरलेसुरले येते. एवढा मोठा दाब असलेली वीज कोठे पळवाट मिळते का, हे सारखी पाहत असते. आणि ओलावा म्हणजे विजेची पळवाट. तिसरी गोष्ट दाबाची. टॅपेट फार आवळलेले असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, रिंगा झिजल्या असतील, तर गार इंजिनात दाब निसटतो. आणि हेड गॅस्केटमधून रात्रभर पाणी सिलिंडरात पाझरत असेल, तरीही सकाळी एक ठोका गळतो.

म्हणजे संशयित पुष्कळ. यांतले काही शंभर रुपयांत निपटणारे, तर काही घर गहाण टाकायला लावणारे. लक्षण मात्र सगळ्यांचे एकच: सकाळी लंगडणे.

गुरुजींनी एक गोष्ट केली होती, आणि ती शिक्षकाच्या सवयीने. गाडी पहाटे कशी सुरू झाली याची रोजच्या रोज वहीत नोंद. गाडीचे काम असो वा नसो, ते रोज सहाला ती सुरू करून पाहत. वहीत तारीख, थंडी कमी की जास्त, रेडिएटरमधले पाणी कोठपर्यंत, आणि किती मिनिटे मिसिंग, असे रकाने आखलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओट्यावर ती वही चाळीत बसलो होतो. तेवढ्यात गावातले मिस्त्री आले. हे गृहस्थ साठीच्या घरातले. तरुणपणी पुण्यात गॅरेजात काम केलेले. आता इंजिनपंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतात. गुरुजींनी त्यांना गाडी पाहायला बोलावले होते.

त्यांनी बॉनेटसुद्धा उघडले नाही. म्हणाले, "गुरुजी, दुपारच्याला काय दावता? दुपारी ती शानीच असती. पहाटं येतो. तवर कुनी हात लावू नका."

मग वहीकडे बघून त्यांनी विचारले, "पाण्याची पाळी कवा कवा व्हती?"

गुरुजी क्षणभर गोंधळले. मिस्त्री विचारीत होते ते मळ्याला पाटाचे पाणी मिळण्याच्या पाळीविषयी. काकूंना त्या तारखा पाठ होत्या, कारण पाळीच्या रात्रीच त्यांना दम लागतो. त्या सांगत गेल्या आणि गुरुजी वहीत खुणा करीत गेले. हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. ज्या दोन पहाटे वारा सुटून कडाक्याची कोरडी थंडी पडली होती, त्या दोन्ही दिवशी गाडी चटकन सुरू झाली होती. आणि जेव्हा थंडी तितकीशी नव्हती, पण शेजारच्या उसाला पाणी दिल्यामुळे धुके दाटले होते, तेव्हा मिसिंग सर्वांत जास्त. सगळ्यांनी थंडीला दोषी धरले होते. वही दवाकडे बोट दाखवीत होती. रेडिएटरमधले पाणीही आठवडेच्या आठवडे तेवढ्यास तेवढे होते. हेड गॅस्केटवरचा संशय तेथेच निम्मा उणावला.

त्या रात्री पाण्याची पाळी होती. पहाटे साडेपाचला मिस्त्री कांबळे पांघरून हजर झाले. अंगणात इतके धुके की छपराखालची गाडी ओट्यावरून दिसत नव्हती. नदीच्या बाजूने टिटवीचा आवाज येत होता आणि लांब रस्त्यावर ऊसगाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा. गुरुजींनी चोक ओढून सेल्फ मारला. गाडी पेटली आणि लंगडू लागली.

मिस्त्रींनी आधी नुसते ऐकले. मग रबर गुंडाळलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर उचलून पाहिली. पहिली उचलली, इंजिन आणखी आचके देऊ लागले. म्हणजे तो सिलिंडर काम करीत होता. दुसरीचे तसेच, चौथीचे तसेच. तिसरी उचलली तर आवाजात काडीचाही फरक नाही. "ह्यो झोपलाय," मिस्त्री म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी तिसरा प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते, जळत नव्हते, ठिणगीच नव्हती. तो प्लग त्यांनी पहिल्यात लावला, पहिला तिसऱ्यात. पुन्हा सुरू केले. तरीही झोपलेला तिसराच. प्लग निर्दोष ठरला. मग वायर बदलून पाहिली. तरीही तिसराच.

"बत्त्या मालवा," ते म्हणाले.

गुरुजींनी ओट्यावरचा दिवा घालवला, माझ्या हातातली बॅटरी मी विझवली. मिट्ट काळोख झाला. आणि त्या काळोखात, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर, तिसऱ्या वायरीच्या मुळापासून टोपी धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या क्लिपेपर्यंत एक निळी, केसासारखी बारीक रेघ थरथरताना दिसली. ठोक्यागणिक ती उमटे आणि विझे. प्लगपर्यंत जायची वीज वाटेतच, दवाने ओलावलेल्या तड्यातून, इंजिनाच्या लोखंडात उतरत होती. दिवसाउजेडी ती कोणाला दिसली नसती. आणि दुपारी तर ती नसतेच, कारण इंजिनाच्या उष्णतेने टोपी पाच मिनिटांत सुकते.

एवढ्याने माझे समाधान झाले होते, पण मिस्त्रींचे झाले नव्हते. इंजिन बंद करून त्यांनी टोपी काढली, कोरड्या फडक्याने पुसली आणि काकूंच्या हाती दिली. "चुलीपाशी धरा जरा. भाजू नका, नुसती सुकवा." टोपी सुकून येईपर्यंत इंजिन पुन्हा गारठेल म्हणून अर्धा तास थांबले. मग टोपी बसवून सेल्फ मारला. गाडी पहिल्याच खेपेला चारही ठोक्यांवर चालू लागली. इंजिन गार होते, पहाट गार होती, पेट्रोल तेच होते. बदलली होती ती फक्त टोपीवरची ओल. शेवटी मिस्त्रींनी ओल्या बोटांनी दोन थेंब त्या तड्यावर शिंपडले. निळी रेघ परत आली, आणि लंगडणेही.

दोष शोधणे म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ धडा मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. दोष घालवता आला पाहिजे, आणि तोच पुन्हा आणताही आला पाहिजे. तेव्हा तो सापडला असे म्हणायचे. जळालेला व्हॉल्व्ह टोपी सुकवल्याने बरा होत नाही. एकाही नटाला हात न लावता इंजिन निर्दोष सुटले होते. ते जर आधीच खोलले असते, तर नवे गॅस्केट बसले असते, पैसे गेले असते, आणि जोडणी झाल्यावर दुपारी चाचणी घेताना गाडी अर्थातच उत्तम चालली असती. पुढच्या पाळीच्या पहाटे मात्र पुन्हा तेच!

टेकाड आणि इंजिन यांचा संबंध तो हाच. दोन्हीकडे पुरावा नाजूक असतो आणि तो आपल्या जागी, आपल्या वेळी असतानाच पाहावा लागतो. पहाटेचा दोष पहाटेच पाहावा. पाहण्याआधी हातोडी चालवली की पुरावा मोडतो आणि उरतो तो नुसता तर्क.

नवी टोपी, रोटर आणि वायरींचा संच पुण्यात चौकशी केल्यावर मिळाला. सारे मिळून हजार रुपयांच्या आत. छपराच्या नदीकडच्या बाजूला गुरुजींनी गोणपाटाचा एक पडदाही लावला. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. पाळीची रात्र, धुके, काकूंना पहाटे चारला दम लागला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि उजाडायच्या आत ते शिरूरच्या दवाखान्यात पोहोचले. काकू दोन दिवसांनी घरी आल्या. मुलाने भंगाराचा विषय नंतर काढला नाही, असेही ते जाता जाता म्हणाले.

ज्या वाचकांच्या दारी कार्बुरेटरची जुनी गाडी असेल, मग ती पद्मिनी असो की पहिल्या पिढीतली मारुती, त्यांनी या थंडीत एवढे करावे. गाडी सकाळी लंगडत असेल तर आधी आठवडाभर नोंद ठेवावी. लंगडते ती गारठ्याने की ओलीने, की गाडी दोन दिवस उभी राहिल्यामुळे? मग फुकटात होणाऱ्या तपासण्या कराव्यात. बॅटरीची टोके साफ आणि घट्ट आहेत का, चोक शेवटपर्यंत ओढला जातो का, रेडिएटरचे पाणी रोज उतरते का. रेडिएटरचे झाकण इंजिन गार असतानाच उघडावे. प्लग काढून पाहावा. राखाडी-तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीचा वहीम. तेलकट काळा असेल तर रिंगांकडे पाहावे. अंधारात वायरी आणि टोपी न्याहाळावी. पण चालू इंजिनाच्या वायरीला उघडा हात लावू नये, आणि पदर, मफलर पंख्यापासून दूर ठेवावेत. टॅपेट आणि दाबाची तपासणी त्यानंतर. इंजिन खोलणे सर्वांत शेवटी, आणि तेही गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून, मेकॅनिकने ती पहाटे स्वतः ऐकल्यावर. नव्या गाड्यांत टोपीही नाही आणि कार्बुरेटरही नाही. त्यांचा संगणक दोषाची नोंद स्वतःच ठेवतो. जुन्या गाडीची वही आपल्यालाच ठेवावी लागते, एवढाच फरक.

दिवाळी झाली की घोडकाठी धुके पडू लागते. एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन इनामगावला अवश्य जावे. आधी डेक्कन कॉलेजचे संग्रहालय पाहिलेले असावे, म्हणजे टेकाडावर उभे राहिल्यावर रिकाम्या जमिनीवर घरे दिसू लागतात. मुक्कामाची सोय झाल्यास पहाटे लवकर उठावे आणि नदीकडे जावे. उन्हे वर आली की धुके पाहता पाहता विरते, आणि त्याबरोबर पहाटेच्या साऱ्या खुणाही.